पिवळ्या टेपची तार

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

ही वही आजपासून. आमच्याच वह्यांच्या बाइंडिंग कारखान्यातली आहे, शिवलेली, कोपरे गोल. कुणी वाचू नये म्हणून कव्हरवर 'गणित' लिहिलंय. आमच्या घरात गणिताची वही आपणहून कुणी उघडत नाही.

आज कटिंग मशीन येतंय. सेकंडहँड, पण इम्पोर्टेड. शोधलं मी, बोललो मी, ठरवलं मी. बाबांनी फक्त सही केली.

निश्चय: रोज सहाला उठायचं. (आज पावणेसात. मशीनच्या एक्साइटमेंटने झोप लागली नाही, म्हणून.)

संध्याकाळी ६.३०

आलं. उतरवायला आठ माणसं लागली, नववा मी, सूचना द्यायला. आत जाताना दाराच्या चौकटीचा एक तुकडा बरोबर घेऊन गेलं. वजनदार आहे.

जुन्या मशीनला नुसतं पातं होतं. याला डोळा आहे. पुढे दोन खांब, एकातून दुसऱ्यात न दिसणारा प्रकाश जातो. मध्ये काही आलं की हिरवा दिवा जाऊन लाल लागतो आणि पातं जागच्या जागी थांबतं. पाय पेडलवर असला तरी. म्हणजे दोन्ही हात मोकळे. कागदाचा गठ्ठा हाताने सरकवा, कतरण हाताने काढा, बिनधास्त.

आमच्याकडे बोटांचा विषय कुणी काढत नाही. बाबांची साडेआठ आहेत. जुन्या मशीनवर गेली, माझ्या जन्माआधी. पेन ते अंगठा आणि मधल्या बोटात धरतात, आणि कटिंगच्या खोलीत येत नाहीत, दारातच उभे राहतात. तेव्हापासून कटिंग कटरकाका करतात. तीस वर्षं. काकांची दहाच्या दहा शाबूत. या धंद्यात ते दुर्मीळ असतं म्हणे. गठ्ठा ते हाताने सरकवत नाहीत, दोन फुटी लाकडी काठीने सरकवतात. कतरणही काठीनेच ओढतात. संध्याकाळी मेन स्विच बंद करण्याआधी टेबलावर एकेक बोट आपटतात, टक, टक, टक. दहा झाली की स्विच खाली.

३१ तारखेला रिटायर होतायत. पार्टी नको, शाल नको, दहा घेऊन घरी जायचंय, एवढंच म्हणतात. नंतर कटिंग ताई करणार.

आज काकांनी नव्या मशीनला एक चक्कर मारली, वाकून पात्याकडे बघितलं आणि काठी मशीनच्या कडेला टेकवून ठेवली. म्हणजे इथेही काठीच.

निश्चय दुसरा: ३१ च्या आत काकांची काठी सोडवायची. दारू सोडवतात तशी, प्रेमाने.

एक छोटा प्रॉब्लेम. मशीनला थ्री फेज लागतं, फोर एटी व्होल्ट. मराठीत चारशेऐंशी, ताईला विचारून लिहिलं, कारण ऐंशी आणि एकोणऐंशीत माझा घोळ होतो. आमच्याकडे सिंगल फेज, दोनशेतीस. बाबांनी विचारलं, मशीन घेण्याआधी हे माहीत होतं का. मी म्हटलं, माहीत नव्हतं असं काही नाही.


४ मार्च, मंगळवार. दुपारी १

सोल्यूशन काढलं. वीज कंपनीकडे थ्री फेज मागितलं तर नवा खांब, नवी केबल, आठ महिने. त्यापेक्षा फेज कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर. रात्री चार व्हिडिओ बघितले. डिप्लोमाचे दोन विषय राहिलेत माझे, पण दोन्ही थिअरीचे.

ताईला समजावलं. कन्व्हर्टर म्हणजे एक मोठी मोटर, जी काहीच काम करत नाही, नुसती जागेवर फिरते. आणि फिरता फिरता दोन तारांतून तिसरी तार तयार करते. मग ट्रान्सफॉर्मर तिन्ही तारांचा व्होल्टेज वर नेतो. ताई म्हणाली, काही काम न करता जागेवर फिरतो असा एक आहे घरात, पण त्याच्यातून अजून काही तयार झालं नाही. इग्नोर केलं.

वायरमन येऊन बघून गेला. साठीचा आहे, कानावर पेन्सिल, मीटरला चिकटपट्टी. मला 'इंजिनियर' म्हणतो. टोनमध्ये म्हणतो.


६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५

दोन्ही वस्तू आल्या. मागच्या कागदाच्या खोलीत बसवल्या. वायरमन दिवसभर होता. मी दिवसभर त्याच्या मागे. त्याने तीन वेळा सांगितलं की उजेड अडतोय.

दुपारी तीनला कन्व्हर्टर सुरू केला. आवाज येतो. घुं असा, पण मधेच जरा चढतो, मग उतरतो. ताई म्हणाली, कुणीतरी पाठीमागे उभं राहून 'हं' म्हणतंय आणि पुढे बोलतच नाहीये. लगेच तिने शिलाईचं टेबल त्या भिंतीपासून लांब ओढलं. म्हणाली, खिडकीचा उजेड हवा. खिडकी त्याच भिंतीत आहे.

वायरमनने तिसऱ्या तारेला पिवळी टेप गुंडाळली. या टोकाला, त्या टोकाला आणि मशीनच्या तोंडाशी. तीन वेढे. मी विचारलं, कशाला. तो म्हणाला, "दोन तारा कंपनीच्या. ही घरी बनवलेली. हिचा व्होल्टेज एका जागी बसत नाही, काम नसलं की चढतो, काम आलं की पडतो. हिच्यावर मोटर चालव खुशाल. मशीनचं डोकं हिच्यावर ठेवायचं नाही."

डोकं म्हणजे कंट्रोल. डोळा, दिवे, डोळ्याच्या इशाऱ्यावर पातं थांबवणारा रिले, सगळं. ते म्हणे फक्त दोन खऱ्या तारांवर.

मला हे पटलं नाही. मनात. एक तार दुसऱ्यांच्या जिवावर नाही, स्वतः तयार झालीय, तर तिला पिवळी टेप? सेल्फ-मेड लोकांकडे आपल्याकडे असंच बघतात.


८ मार्च, शनिवार. दुपारी ३.४५

मशीनला करंट दिला. डोळा उघडला. हिरवा दिवा. वायरमनने पुठ्ठा मधे घातला, लाल. काढला, हिरवा. आई बघायला आली होती, तिने स्वतः पुठ्ठा घालून बघितला. दोनदा. मग बाबांकडे बघितलं. बाबा दारात होते. त्यांनी साडेतीन बोटांच्या हाताने मान खाजवली आणि बाहेर गेले.

पण पंप उलटा फिरतोय. प्रेशर चढत नाही, पातं हलतच नाही. वायरमनला शहराबाहेर एका गोदामाचं काम आहे. म्हणाला, सोमवारी येतो, सुलटा करतो, तोवर हात लावू नका. 'नका' म्हणताना सगळ्यांकडे बघायला हवं होतं. माझ्याकडेच बघितलं.


९ मार्च, रविवार. सकाळी ११.२०

झालं!! पाच मिनिटांत!!

थ्री फेज मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन तारा आपसात बदलायच्या. जगभर हाच नियम आहे. पहिल्या वर्षाला होतं, लक्षात राहिलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. मेन बंद केला, मशीनच्या तोंडाशी वरच्या दोन तारा सोडवल्या, उलटसुलट लावल्या. स्विच. पंप सुलटा. प्रेशर फुल्ल. पातं असं खाली आलं की जमीन 'हो' म्हणाली.

मोटर कुठलीही तार ओळखत नाही, कुठल्याही दोन म्हणजे कुठल्याही दोन. एकीवर टेप होती, ती स्क्रूखाली जाईना म्हणून काढली. तसंही घाण दिसत होती. आठवण म्हणून या पानावर चिकटवतोय. माझं पहिलं इंडिपेंडंट काम.

वायरमनला फोन केला, म्हटलं, येऊ नका, झालं.  त्याने विचारलं, कुठल्या दोन बदलल्या. मी म्हटलं, वरच्या. तो म्हणाला, टेपवाली धरून की सोडून? त्याच्या मागे ड्रिलचा आवाज येत होता, त्यामुळे सविस्तर बोलता आलं नाही. मी हॅलो हॅलो म्हटलं आणि ठेवला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, वायरमन येऊन बघेल ना? मी म्हटलं, बाबा, आता बघायला काय राहिलंय.


१० मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

ओपनिंग. शाळांच्या वह्यांची ऑर्डर आहे, वीस हजार. जुन्या मशीनने दीड महिना घाम गाळला असता.

काकांनी गठ्ठा लावण्याआधी पेडल दाबलं आणि काठी आत घातली. लाल. पातं अर्ध्यात थांबलं. काढली. परत घातली. लाल. पाच वेळा केलं. मग म्हणाले, डोळा चांगला आहे. आजवर त्यांनी कशाला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला जरा भरून आलं.

मग गठ्ठा काठीनेच सरकवला.

मी म्हटलं, काका, हात घाला की, डोळा आहे. ते म्हणाले, असू दे, त्याचा तो बघेल, माझं मी बघतो.

संध्याकाळी टक, टक. दहा. स्विच.


१२ मार्च, बुधवार. दुपारी १२.१५

निश्चय: रोज रीडिंग घ्यायचं. प्रोफेशनल लोक घेतात.

टेप होती त्या तारेवर पाचशेचाळीस. चारशेऐंशी हवेत. म्हणजे साठ जास्त. कमी असते तर काळजी होती, जास्त आहेत, फुकट आहेत.

पॅनेलमधला, म्हणजे मशीनचं डोकं असतं त्या डब्यातला, छोटा बल्ब खूपच छान पेटतो. आधी पिवळट होता, आता पांढरा.

ताईला वास येतो म्हणे. कंगवा दिव्यावर धरल्यासारखा. नव्या गाडीलाही येतो. मशीन सेकंडहँड आहे, पण आमच्यासाठी नवीनच ना.


१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ४

हिरवा दिवा लुकलुकतोय. पंपाने जोर लावला की टर्रर्र असा आवाज पॅनेलमधून आणि दिवा फडफडतो. तेवढ्यात पातंही अडखळतं. काका प्रत्येक वेळी पाय काढतात, दोन पावलं मागे जातात, हाताची घडी घालतात. आज अठरा वेळा. वह्या मागे पडल्या.

मी पॅनेलचं दार उघडून वारा घातला. वहीने.

बाबांनी विचारलं, वायरमनला फोन केलास का. मी म्हटलं, लावला. लावला होता खरंच. रिंग जायच्या आधी ठेवला, एवढंच सांगायचं राहिलं. तो पहिला प्रश्न टेपचा विचारणार आणि माणूस एकदा टेपवर गेला की मूळ मुद्दा बाजूला पडतो.

निश्चय: सोमवारी नक्की.


१५ मार्च, शनिवार. सकाळी १०

कारखान्याची मांजर पॅनेलच्या डोक्यावर झोपायला लागलीय. पॅनेल कोमट असतं. जनावरं धोक्याच्या जागी झोपत नाहीत हे सायन्स आहे. ताईला मुद्दाम नेऊन दाखवलं. ती म्हणाली, हीच मांजर गेल्या वर्षी डिंकाच्या बादलीत झोपली होती.


१७ मार्च, सोमवार. सकाळी ९.५०

लुकलुक बंद! आपोआप!

सकाळी सुरू केल्यापासून हिरवा दिवा एकदम स्टेडी. टर्रर्र नाही. पातं अडखळत नाही. मशीन सेट झालं. नवी माणसं नाही का, पहिला आठवडा चाचरतात, मग बसतात. वायरमनला आज फोन करणार होतो, पण आता कशासाठी करायचा?

मांजर आज पॅनेलवर नव्हती. कपाटावर बसून पॅनेलकडे बघत होती.

संध्याकाळी ५.३०

काकांनी बाजूला बोलावलं. म्हणाले, काठी आत गेली तरी दिवा आता लाल होत नाही.

हे मी विचारपूर्वक लिहितोय. काठी रोज शेकडो वेळा आत जाते. तीच काठी, तीच जाडी. इम्पोर्टेड मशीन आहे. एका आठवड्यात त्याने काठी ओळखली. आता तो काठीकडे लक्ष देत नाही, हाताची वाट बघतो. याला लर्निंग म्हणतात.

काकांना सांगितलं.  ते म्हणाले, बरं. मला डोळा असून नसून सारखाच. तू मात्र त्याच्या जवळ जाऊ नकोस.

माझ्याच मशीनच्या जवळ मी जाऊ नको.


१८ मार्च, मंगळवार. दुपारी १.३०

जेवायच्या सुट्टीत कुणी नसताना टेस्ट घेतली. हात घातला. हिरवाच.

अर्थात. पातं चालू नव्हतं. पेडलवर पाय नव्हता. धोका नसताना लाल व्हायचं कारणच काय? हुशार मशीन उगाच ओरडत नाही. उगाच ओरडणारी माणसं घरात आहेत, त्यांच्यावरून फरक कळतो.

हात बाहेर काढल्यावर बघितलं तर बाबा दारात उभे. कधीचे ते माहीत नाही.  मधलं बोट आणि अंगठा एकमेकांवर घासत होते. संध्याकाळी म्हणाले, वायरमनचा नंबर मला दे. मी म्हटलं, बाबा, माझ्यावर विश्वास नाही का. ते म्हणाले, आहे. मग नंबर नाही मागितला.

जरा वाईट वाटलं. कुणाला ते कळलं नाही.


२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.१०

आज बोल्ड स्टेप घेतली. काठी लपवली. माळ्यावर, रद्दीच्या मागे.

थिअरी अशी की काठी नाही म्हटल्यावर काका हात वापरतील, डोळा थांबवेल, विश्वास बसेल.

काका आले, मशीनच्या कडेला बघितलं. मग माझ्याकडे.  कोपऱ्यातला झाडू घेतला, गुडघ्यावर मोडला आणि दांड्याने गठ्ठा सरकवायला लागले. दिवसभर. पुढे कतरण, मागे झाडूचं डोकं, आणि मधे काका.

घरी जाताना बोटं आपटली. आज प्रत्येक बोटापाशी थांबत होते.

कागदाच्या खोलीतला 'हं' आता बाहेर रस्त्यावरही ऐकू येतो. समोरचा शिंपी विचारत होता, आत काय पाळलंय.


२४ मार्च, सोमवार. दुपारी ४.३०

पंधरा हजार वह्या झाल्या. रीडिंग घेणं बंद केलं. मीटरचे सेल उतरलेत. (चेक केलं नाही, पण उतरले असणार.)

ताईचं ट्रेनिंग सुरू. काका शिकवतात. मी बाजूला उभं राहून करेक्ट करतो. काकांनी तिला पहिल्या दिवशी मशीन नाही, दांडा शिकवला. कसा धरायचा, कोपर कुठे. ती विचारत होती, पात्याला कधी भ्यायचं. काका म्हणाले, "खाली येताना ते दिसतं, तेव्हा कुणीही भितो. वर असतं तेव्हा भ्यायचं. तेव्हा आपण बोलत असतो."

मी म्हटलं, ताई, हे जुन्या मशीनचं ज्ञान आहे. ती म्हणाली, बोटं पण जुनीच आहेत.

मी तिला हात घालून दाखव म्हटलं. काका मधे आले. माझ्या आणि मशीनच्या मधे, असे पाठ करून. म्हणाले, माझे सात दिवस राहिलेत, तोवर इथे कुणाचा हात जाणार नाही.

सात दिवसांनंतर कोण अडवणार, असं मी म्हटलं. जोक म्हणून.  ताईने दांडा घट्ट धरला.


२७ मार्च, गुरुवार. सकाळी ८.४०

फायनल प्लॅन. ३१ ला, काकांच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर माझा स्वतःचा हात घालणार. पेडल माझं, हात माझा. पातं थांबेल. मग कुणी काही बोलायचं नाही. बाबा दारातून आत येतील. मुळात मशीन त्यासाठीच आणलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनी एकदा तरी आत येऊन गठ्ठ्याला हात लावावा.

उजवा घालावा की डावा? उजवा. डावा घातला तर म्हणतील खात्री नव्हती.


२९ मार्च, शनिवार. दुपारी २

वह्या पूर्ण. वीस हजार. गाडी भरून गेली. मशीनने एकदाही थांबून त्रास दिला नाही. सतरा तारखेपासून एकदाही नाही. एकदाही.

ताईने माळा आवरला. काठी सापडली. तिने मला विचारलं नाही, पुसून काकांना नेऊन दिली. काकांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, जसं कुणी गावाहून परत आलेल्याला बघतं.


३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७

क्रमाने लिहितो.

साडेअकराला सगळे जमले. आई, ताई, समोरचा शिंपी. बाबा दारात. मी छोटं भाषण केलं, काकांच्या तीस वर्षांवर आणि येणाऱ्या काळावर. येणाऱ्या काळावर जरा जास्त झालं. मग बाही वर केली, पेडलवर पाय ठेवला.

काका म्हणाले, "आधी काठी. मग हात. माझा शेवटचा दिवस आहे, एवढं ऐक."

मला हसू आलं. पण म्हातारा माणूस, शेवटचा दिवस. म्हटलं, चला, तुमच्या समाधानासाठी. मोठ्या मनाने. हे नमूद करतोय, कारण मी हो म्हटलं ते फक्त मोठ्या मनाने म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं.

काकांनी काठी आत धरली. दिवा हिरवा. मी पेडल दाबलं.

पातं थांबलं नाही. अडखळलंही नाही. ठप्प. काठीचं टोक पलीकडे पडलं आणि टेबलावरून घरंगळत आईच्या पायाशी गेलं. दिवा हिरवा.

 मागच्या खोलीत 'हं'.

मी म्हणालो, बरोबर आहे, ती काठी आहे, काठी तो ओळखतो. आता हात.

आणि हात पुढे केला. हे मी लिहितोय. खरंच केला.

काकांनी मनगट धरलं. दुसऱ्या हाताने मेन खाली. म्हणाले, ताई, वायरमनला फोन लाव.

वायरमन यायला एक तास चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ काकांनी माझं मनगट सोडलं नाही. आम्ही स्टुलावर शेजारी शेजारी बसलो. आईने चहा केला, मी डाव्या हाताने प्यायलो. मी दोनदा म्हटलं, काका, मशीन बंद आहे, सोडा. ते म्हणाले, मशीन बंद आहे.

बाबा आत आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना कटिंगच्या खोलीत बघितलं. ते मशीनकडे गेले नाहीत. माझ्या समोर येऊन बसले, माझ्या हाताकडे बघत, जसं कुणी हरवलेल्या वस्तूकडे बघतं.

वायरमनने पॅनेल उघडलं. डोळ्याचा रिले बाहेर काढून तळहातावर ठेवला. वितळून एका बाजूला वाकला होता. म्हणाला, जास्त व्होल्टेजने भाजून चिकटलाय. कायमचा 'सगळं ठीक' वर. कधी चिकटला माहीत नाही.

मला माहीत होतं. सतरा तारीख, सकाळ. मी लिहून ठेवलंय.

मग त्याने मशीनच्या तोंडाशी टॉर्च मारला. खालच्या दोन जागांवर मशीनचं डोकं होतं. त्यातल्या एका जागी घरी बनवलेली तार. विचारलं, टेप कुठाय.

मी वही आणली. नऊ मार्चचं पान. त्याने ते वाचलं. चारही उद्गारचिन्हांसकट.  टेप नखाने सोडवली तर कागदही निघाला, आणि ती परत चिकटेना. त्याने नवीन लावली, ती तार परत वर नेली, दोन खऱ्या आपसात बदलल्या आणि पिशवीतला नवा रिले बसवला.

पुठ्ठा, लाल. पुठ्ठा काढला, हिरवा. पाच मिनिटं लागली.

तेव्हा काकांनी मनगट सोडलं. टेबलापाशी गेले. टक, टक. दहा. मग परत आले, माझा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक आपटली. करंगळीपाशी थांबले. म्हणाले, "पंधरा." आणि घरी गेले. नको म्हणूनही आईने आणलेली शाल तशीच राहिली.


१ एप्रिल, मंगळवार. सकाळी १०.१५

सहाला उठलो. न ठरवता.

ताई मशीनवर. माझ्याकडे नवीन काम: रोज सकाळी मशीन सुरू झालं की काठी आत घालायची आणि लाल झालं का ते बघायचं. नाही झालं तर मेन बंद करून बाहेर यायचं, विचार करायचा नाही. 'विचार करायचा नाही' हे बाबांनी भिंतीवर लिहून लावलंय. अंगठा आणि मधल्या बोटाने लिहिलेलं आहे, तरी वाचता येतं.

काठी आता दीड फूट.

आज लाल झालं. वहीत लिहायला आलो. पेन धरल्यावर बोटं मोजली. दहा आली. मग परत इंग्लिशमध्ये मोजली.

टेन.